म्हातारपणाची तालीम

‘रिटायर झाल्यावर पैसे कुठे ठेवू?’ असं कुणी विचारलं की बाई उलट विचारायच्या, ‘पैशाचं नंतर बघू. आधी तू कुठं बसणार ते सांग.’

समोरचा माणूस गोंधळायचा. बसणार म्हणजे?

‘म्हणजे सकाळी डबा घेऊन निघायचं बंद झालं की घरात कुठं बसणार? त्या जागेवर आत्ता कोण बसतं? त्याला विचारलंस का?’

आमच्या साप्ताहिकात पैसे आणि निवृत्ती या विषयावर सदर लिहिणाऱ्या या बाई. कर्जतच्या बाजारपेठेत एका छापखान्याच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. मी तिथे बातम्या लिहितो, मुद्रितं तपासतो, वेळ पडली तर जाहिरातीही गोळा करतो. आमच्या मालकांच्या एकदा मनात आलं की खालापूर-रसायनीकडचे एवढे कामगार निवृत्त होतायत, फार्महाउसवाल्यांना जमिनी विकून गावोगावी पैसा येतोय, तेव्हा लोकांना चार शहाण्या गोष्टी सांगणारं कुणीतरी पाहिजे. कुणीतरी बाईंचं नाव सुचवलं. रसायनीतल्या एका केमिकल कंपनीत प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचं टेबल त्यांनी आयुष्यभर सांभाळलं होतं. कंपनीतून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस शेवटच्या दिवशी त्यांच्या टेबलासमोर येऊन बसलेला. त्यामुळे कंपनीला लागून असलेल्या मोहोपाड्यात त्यांना सगळे पेन्शनबाई म्हणायचे. त्यांचं खरं नाव मी लेखाखाली छापायचो, पण पत्रं यायची ती पेन्शनबाईंच्याच नावाने.

उंच, हडकुळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. पाठीवर शाळकरी पोरांची असते तशी सॅक. सॅकमध्ये चहाचा थर्मास, पाण्याची बाटली आणि स्वतःचा पेला. लग्न केलं नव्हतं. कंपनीच्या वसाहतीबाहेर तळमजल्यावर दोन खोल्यांचं स्वतःचं घर होतं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि त्याखाली नेमकी एकच खुर्ची. दुसरी खुर्ची घडी करून दाराआड ठेवलेली असायची, कुणी आलं की उघडायची. लिहिताना ‘आहे’ आणि ‘नाही’ लिहायच्या, बोलताना मात्र बेधडक ‘हाय’ आणि ‘नाय’.

सदरासाठी पत्र आलं की बाई उत्तर लिहायला बसत नसत. मला फोन करायच्या. ‘गाडी काढ. घर बघायला जायचंय.’ त्यांना माणसाचं घर पाहिल्याशिवाय उत्तर सुचत नसे. मग माझ्या मोटारसायकलवर मागे बसून, सॅक पोटाशी धरून, त्या खोपोलीपासून नेरळपर्यंत कुठेही यायच्या. घरात शिरल्या की आधी स्वयंपाकघर बघायच्या, मग संडास. ‘गुडघे दुखायला लागल्यावर इथं कसा बसशील?’ असं पन्नाशीच्या धडधाकट माणसाला त्याच्या बायकोसमोर विचारायच्या. तो हसायचा. त्या हसायच्या नाहीत.

आणि घरात कुणी पाणी पुढे केलं, चहा ठेवला, तर हात जोडायच्या. ‘मी कामाला आलेय.’ आपला थर्मास काढून आपल्याच पेल्यात आपलाच चहा ओतून घ्यायच्या. लोकांना ते लागायचं. एका घरात तर म्हातारीने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘आमच्यात काय कमी हाय का रं, तुझी बाई पानीबी घेत नाय ती?’ मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मलाही कारण माहीत नव्हतं.

लग्नाला बोलावलं तर बाई आहेराच्या पाकिटाबरोबर नॉमिनी बदलायचा कोरा फॉर्म घालायच्या. स्टेजवर फोटो काढताना नवऱ्या मुलाच्या कानात सांगायच्या, ‘तुझ्या फंडावर अजून आईचं नाव हाय. सोमवारी बदलून टाक.’ कितीतरी लोकांच्या फंडावर वारलेल्या आईचं नाव तसंच राहिलेलं त्यांनी पाहिलं होतं आणि मागे राहिलेल्या बायकांना त्यापायी ऑफिसांचे उंबरठे झिजवताना पाहिलं होतं. त्या आठवणीने त्या भर मांडवातसुद्धा गंभीर व्हायच्या.

पैशांबद्दलचे त्यांचे सल्ले साधे होते. आजारपणाचा विमा नोकरी असतानाच स्वतःचा वेगळा काढा, कंपनीचा कंपनीबरोबर जातो. सगळे पैसे एका ठिकाणी ठेवू नका, मग सांगणारा सख्खा भाऊ असला तरी. फोनवर कुणी घाई करायला लागलं की फोन ठेवा. जिवंतपणी राहतं घर दुसऱ्याच्या नावावर करू नका. हे त्या आलटून पालटून लिहायच्या आणि मी कंटाळलो तर म्हणायच्या, ‘वाचणारा रोज नवा असतो रे. त्याला पहिल्यांदाच कळतंय.’

पण त्यांची खरी ओळख म्हणजे तालीम. बाईंचं म्हणणं असं की लोक नाटकाची तालीम करतात, लेझीमची करतात, कंपनीत आग लागली तर काय करायचं याचीसुद्धा भोंगा वाजवून तालीम होते, आणि म्हातारपण मात्र सगळे एकदम स्टेजवर जाऊन करायला बघतात. निवृत्तीला वर्ष राहिलं की त्या सांगायच्या, नंतर महिन्याला जेवढे हातात येणार आहेत तेवढ्यातच आत्तापासून घर चालवून बघा. दोन महिने तरी बघा. मोहोपाड्यातल्या बायका म्हणायच्या, पेन्शनबाई येऊन गेली की घरात मटण बंद. एका सुपरवायझरला त्यांनी रजा काढून नुसतं घरी बसायला लावलं. त्याने दोन दिवसांत मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, तिसऱ्या दिवशी बायकोला भाजी चिरायची पद्धत शिकवायला लागला. ती बिचारी बाईंकडे आली. ‘बाई, यांना परत कामावर घाला.’ बाईंनी त्याला वसाहतीच्या बागेचं काम लावून दिलं. निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सरळ बागेत गेला.

भोईरांची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

भोईर त्याच कंपनीतले ऑपरेटर. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागणार होतं. मुलगा निलेश नेरळला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये बायको आणि लहान मुलीसह राहत होता. भोईरांचा बेत असा की फंडाचे सगळे पैसे निलेशला द्यायचे, त्यात त्याने नव्या टॉवरमध्ये मोठा फ्लॅट घ्यायचा आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं. त्यांनी सदराला लिहिलेलं पत्र दोन ओळींचं होतं. फ्लॅट मुलाच्या एकट्याच्या नावावर घ्यावा की दोघांच्या, एवढाच प्रश्न.

आम्ही गेलो. बाईंनी स्वयंपाकघर बघितलं. भोईरांची बायको ओट्याशी उभी होती. बाईंनी तिला विचारलं, ‘तुमचं काय म्हणणं?’

ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, ‘माजं काय असनार. ते म्हंतील तसं.’

बाई भोईरांना म्हणाल्या, ‘तुमची रजा शिल्लक हाय ना? महिनाभर दोघं नेरळला जाऊन राहा. पाहुणे म्हणून नाय. दोन बॅगा घ्या, इथं कुलूप लावा आणि चावी माझ्याकडे द्या. महिन्यानं मी उत्तर देते.’

भोईर चिडले. ‘आपल्याच मुलाकडे जायची परीक्षा कसली?’

‘परीक्षा नाय. तालीम. चुकलं तर परत करता येतं, म्हणून तिला तालीम म्हणतात.’

भोईर नेरळला गेले. मला वाटतं ते बाईंना खोटं पाडायला गेले. महिना सरायच्या आत एका रविवारी बाईंच्या दाराची कडी वाजली. मी तिथेच लेख घ्यायला गेलो होतो. दारात निलेश उभा. बाईंनी दाराआडची खुर्ची उघडून दिली, पण तो बसेना.

‘बाई, तुम्ही बाबांना सांगा परत जायला,’ तो म्हणाला. ‘मी नाही सांगू शकत.’

मी मनात म्हटलं, झालं, मुलाला आईबाप जड झाले. पण बाईंनी शांतपणे विचारलं, ‘काय त्रास हाय त्यांचा?’

‘त्रास काहीच नाही हो. बाबा माझ्या आधी उठून माझी गाडी पुसतात. आई सगळा स्वयंपाक करते, माझ्या बायकोला हात लावू देत नाही. दोघं सारखे कामात असतात. जणू भाडं फेडतायत. परवा माझी मुलगी म्हणाली, आजोबा आपल्याकडे कामाला आलेत का. मला झोप येत नाही बाई.’

‘आणि मोठ्या फ्लॅटचं?’

निलेश आता खुर्चीच्या कडेवर टेकला. ‘पैसे मी मागितलेच नव्हते. त्यांनीच काढला विषय. नाही म्हटलं तर त्यांना वाटणार, मुलाला आपण नको झालोय. उरलेलं कर्ज माझ्याच डोक्यावर येणार आहे. पण बोलणार कसं?’

त्याच संध्याकाळी बाई माझ्या गाडीवर बसून नेरळला आल्या. त्या एका खोलीत सगळे गोल बसले. बाईंनी एकेकाला बोलायला लावलं. दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, एवढीच अट. निलेश बोलला तेव्हा भोईर जमिनीकडे बघत राहिले. मग बाई त्यांच्या बायकोकडे वळल्या. ती आधी पदराचं टोक पिळत बसली, मग म्हणाली, ‘मला कुनी इचारलंच नाय. मला हितं वरती गुदमरतं. खिडकीतनं निस्ती मानसांची डोकी दिसतात, त्वांडं नाय दिसत. मला मोहोपाड्यात ऱ्हायचंय. तिथं माज्या बायका हायत.’

भोईरांनी बायकोकडे असं बघितलं, जणू ती मध्येच दुसऱ्या भाषेत बोलायला लागली होती. ‘मग कधी बोलली का नाहीस गं?’

‘तुमी पोराला सांगून मोकळं झालावता.’

शेवटी ठरलं ते साधंच होतं. भोईरांनी मोहोपाड्यात वसाहतीजवळ तळमजल्यावर छोटी जागा घेतली, दोघांच्या नावावर. उरलेले पैसे त्यांच्याकडेच राहिले. निलेश आहे त्याच फ्लॅटमध्ये राहिला आणि रविवारी मुलीला घेऊन यायला लागला. सगळं मिटलं तेव्हा भोईर बाईंना म्हणाले, ‘तुम्ही नसता तर मी सगळं देऊन टाकलं असतं.’ बाई म्हणाल्या, ‘दिलं असतंत तेसुद्धा वाईट नव्हतं. न बोलता दिलं असतंत, ते वाईट होतं.’

त्या संध्याकाळी नेरळहून परतताना गाडीवर मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला आधीच दिसलं होतं का. वारा लागत होता म्हणून त्या माझ्या कानाशी येऊन ओरडून म्हणाल्या, ‘मला काय दिसतंय. मी नुसती कुलूप लावायला सांगते.’

‘मला काय दिसतंय’ हे किती खरं होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या लक्षात यायला लागलं की बाई मुद्रित वाचताना कागद तिरका धरतात. दाराच्या चौकटीला खांदा लागतो. गाडीवर चढताना फूटरेस्टवरचा पाय चुकतो. एका दुपारी मी न कळवता त्यांच्या घरी गेलो. दार लोटलेलं होतं. बाई ओट्याशी उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांवर काळा रुमाल घट्ट बांधलेला होता. एका हाताने तव्याची कड चाचपत त्या भाकरी उलटत होत्या.

‘कोण हाय?’ त्यांनी न वळता विचारलं. मी नाव सांगितलं. ‘बस. खुर्ची उघडून घे. अजून एक राहिलीय.’

भाकरी झाली. गॅस बंद केला, बटण दोनदा चाचपून बघितलं, मगच रुमाल सोडला. बोटांवर जुने-नवे चटके होते. पनवेलच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजव्यात कडेने अंधार आत सरकत होता. औषधाने वेग कमी होईल, थांबेल असं नाही.

‘म्हणजे किती दिवस?’ मी विचारलं.

‘ते त्यांनाही सांगता येत नाय. म्हणून तालीम आधी सुरू केली.’ जणू बचत गटासमोर बोलत असाव्यात, तशा आवाजात त्या सांगत होत्या. रोज दुपारी रुमाल बांधून स्वयंपाक. आंघोळ, कपडे धुणं. नोटा बोटांनी ओळखणं. सकाळी गर्दी व्हायच्या आत डोळे मिटून नाक्यापर्यंत चालणं. मोहोपाड्यातले लोक म्हणत होते पेन्शनबाईंना वेड लागलं, त्या आंधळी कोशिंबीर खेळत फिरतात. त्यांनी कुणालाच कारण सांगितलं नव्हतं.

माझे आईवडील, काका, मालक, सगळी माणसं मी म्हातारी होताना पाहिली होती. प्रत्येकावर म्हातारपण येऊन आदळलं होतं. त्याच्याकडे चालत निघालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

‘सगळं जमतंय,’ बाई म्हणाल्या. ‘एक जमत नाय.’

‘काय?’

‘मागायला.’

मला नीट कळलं नाही. त्या म्हणाल्या, ‘अरे, डोळे गेल्यावर माणसाला मागावं लागणार. हे वाचून दे, ते हातात दे, तिकडं सोड. भाकरी चुकली तर जळते, दुसरी करता येते. मागायला तोंडच उघडत नाय माझं. जन्मात कधी मागितलं नाय.’

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही कर्जत तालुक्यातल्याच कडाव गावी गेलो. तिथल्या बचत गटातल्या बायकांशी बाईंना बोलायचं होतं. कार्यक्रम संपला, भर दुपारी आम्ही दोघं रस्त्याकडे चालत निघालो. माझी गाडी लांब सावलीत लावलेली होती. वाटेत एक घर लागलं. मागे गोठा, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात एक बाई दुधाच्या किटल्या घासत बसलेली. पेन्शनबाई त्या अंगणाच्या कडेला थांबल्या. मी पुढे गेलो होतो, मागे वळून बघितलं तर त्या तिथेच उभ्या. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याची भरलेली बाटली होती, मीच सकाळी भरून दिली होती.

किटल्या घासणाऱ्या बाईने वर बघितलं. ‘कोन पायजेल?’

बाईंच्या तोंडून शब्द येईना. कामगारांच्या सभेत मॅनेजरला उभं करून जाब विचारलेली ही बाई. त्यांनी ओठ ओले केले. सॅकचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

‘पाणी,’ त्या म्हणाल्या. मग पुन्हा, ‘प्यायला पाणी मिळेल का?’

‘मिळंल का काय इचारता? या ना वर. उन्हात नका उभ्या राऊ.’ तिने हात धुतले, आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन आली. पेला भरून बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि तोंड लावून प्यायल्या, सगळा.

‘अजून देऊ?’

बाईंनी पेला पुढे केला. ‘द्या,’ म्हणाल्या.

दुसरा पेला पिऊन झाल्यावर त्यांनी तिला नाव विचारलं. सुनंदा. नवरा आणि दीर दुधाचा धंदा करायचे, घरात सासू, जाऊ, पोरं. बाईंनी तिचे आभार मानले आणि आम्ही निघालो. थोडं पुढे गेल्यावर त्या रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसल्या.

‘आमच्या लहानपणी गावात आम्हाला विहिरीला हात लावून देत नसत,’ त्या म्हणाल्या. ‘आई घागर घेऊन बाजूला उभी राहायची. कुणी आलं की म्हणायची, वाढा हो एवढं पाणी. कुणाच्या मनात आलं तर वरनं ओतायचं. मी तिच्या शेजारी. मला तहान लागली तर तिनं ओंजळ धरायला शिकवलेलं, अशी, उंच, म्हणजे ओतणाऱ्याच्या भांड्याला लागणार नाय. एक दिवस मी ओंजळ धरली नाय. आई रागावली. मी तेव्हा ठरवलं, आपण कुणाकडं काय मागायचं नाय. शिकले ती त्यासाठी. नोकरी त्यासाठी केली. फंड साठवला तो त्यासाठीच. लोकांना वाटतं मला पैशाचं समजतं. मला एवढंच समजत होतं, की मागायची वेळ येऊ नये.’

रस्त्यावरून एक टेंपो धूळ उडवत गेला. त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण त्या रडत नव्हत्या.

‘आणि आता डोळे म्हणतायत, माग,’ त्या म्हणाल्या. ‘तर हाय काय, शिकायचं.’

त्या दिवसापासून बाईंनी तीही तालीम सुरू केली. माझ्यासमोर त्या अनोळखी माणसांना अडवायच्या. एसटीवरची पाटी वाचून दाखवायला कॉलेजच्या मुलीला सांगायच्या, मी शेजारी उभा असताना. रिक्षावाल्याला म्हणायच्या, हात दे उतरायला. दर वेळी त्यांचं तोंड लाल व्हायचं. एखादा वसकन अंगावर यायचा, ‘दिसत नाय तर घरी बसा ना आजी.’ तेव्हा बाई मान हलवून पुढे जायच्या आणि जरा वेळाने दुसऱ्याला विचारायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, मी आहे ना, मला सांगा. त्या म्हणाल्या, ‘तू तर ऐकणारच. त्यात सराव कसला?’

त्यांनी त्यावर सदरात एक लेख लिहिला. निवृत्तीसाठी पैसे साठवा असं सगळेच सांगतात, तेवढ्याने भागत नाही. आठवड्यातून एकदा कुणाकडे तरी काहीतरी मागा आणि मिळालं तर घ्या, नाही मिळालं तर मन खट्टू न करता घरी या, असा त्यातला सल्ला. मालकांनी तो वाचून मला विचारलं, ‘बाई आता भीक मागायला शिकवतायत का?’ पण छापला. त्या लेखावर एकही पत्र आलं नाही. फक्त भोईरांची बायको छापखान्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, ‘बाईंना सांग, कळलं म्हनून.’

राहायचं कुठं याचीही बाईंनी तालीम केली. नेरळला त्यांची भाची होती, जीव लावणारी. तिच्याकडे एक महिना राहिल्या. मग कडावला जाऊन सुनंदाला विचारलं, गोठ्याशेजारची तुमची खोली मला महिनाभर भाड्याने द्याल का. तिथेही महिना काढला. मग मोहोपाड्याचं घर भाड्याने देऊन कडावला मुक्काम हलवला. भाचीने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, ‘मावशी, मी परकी झाले का गं?’

‘नाय गं,’ बाईंनी तिला जवळ घेतलं. ‘तू सकाळी जातेस ती अंधार पडल्यावर येतेस. तुझ्याकडे रात्र सुखाची जाईल. मला दिवस काढायचाय. सुनंदाच्या घरात दिवसभर माणसं बोलत असतात.’

सुनंदाशी त्यांनी रीतसर करार केला. खोलीचं भाडं किती, जेवणाचे किती, कुणाला नको झालं तर किती आधी सांगायचं. सुनंदा म्हणत होती, ‘कागूद कशाला बाई, मी काय परकी हाय?’ बाई म्हणाल्या, ‘कागद भांडण टाळायला नसतो. उद्या तुला माझा कंटाळा आला तर तोंडावर सांगता यावं म्हणून असतो.’ एक अट मात्र सुनंदासाठी होती. जेवणाच्या पैशांतला ठरलेला भाग तिने स्वतःच्या नावाने सरकारी पेन्शन योजनेत भरायचा. नवऱ्याच्या नाही, दिराच्या नाही, तिच्या नावाने. पहिल्यांदा बँकेत जाताना सुनंदाने नवी साडी नेसली होती आणि बाई तिच्या दंडाला धरून चालत होत्या. कोण कुणाला नेतंय, ते रस्त्यावरच्यांना कळलं नसतं.

आता बाईंना काहीच दिसत नाही. सदर चालू आहे. दर आठवड्याला मी कडावला जातो, लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले प्रश्न वाचून दाखवतो आणि त्या सांगतात ते लिहून घेतो. घर बघायला मात्र त्या अजूनही येतात. ओट्याची उंची हाताने मोजतात.

गेल्या दिवाळीच्या आधी, भातकापणी चालू असताना मी असाच गेलो होतो. घरातली सगळी शेतावर होती. लेख संपला, मी वही मिटली. बाई कॉटवर बसून होत्या. उठायचं म्हणून मी चप्पल शोधत होतो.

‘एक काम होतं,’ बाई म्हणाल्या.

मी थांबलो. त्यांनी आधी कॉटची कड चाचपली. मग साडीचा काठ घोट्यापर्यंत वर घेतला आणि पाय पुढे केला.

‘पायाची नखं काढून देशील?’

मी माझ्या आईचीही नखं कधी काढलेली नाहीत. तिने कधी सांगितलं नव्हतं, मला सुचलं नव्हतं. मी म्हटलं, ‘देतो की. पण सुनंदाताईंना सांगायचं होतंत, एवढे दिवस कशाला थांबलात?’

‘सुनंदाला सांगायला आता काय वाटत नाय. तुला सांगायचं जड जात होतं.’

मी नेलकटर शोधून काढलं, दारातून येणाऱ्या उजेडात कॉटपुढे स्टूल ओढलं आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. पाऊल थंड होतं, टाचेला भेगा होत्या. पहिल्या नखाला कटर लावलं तेव्हा सगळा पाय थरथरत होता आणि बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. शेतावरून भाताच्या झोडपणीचा आवाज येत होता. एक पाय झाला, दुसरा घेतला. हळूहळू पावलाचा सगळा भार माझ्या हातात आला.

‘झालं,’ मी म्हटलं.

बाई खाली वाकल्या. एकेक बोट अंगठ्याने चाचपून बघितलं, कंपनीत फॉर्मवरच्या सह्या तपासाव्यात तसं, सावकाश.

‘करंगळीचं राहिलंय,’ त्या म्हणाल्या आणि पाय पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला. या वेळी तो थरथरत नव्हता.